फणसांबा आणि त्याचा चुलत

भाद्रपद आला की माझं डोकं फिरतं. घरच्यांना हे आता पाठ झालं आहे. गणपती उठले, भाताच्या लोंब्यांत दूध भरलं, चिकूच्या झाडांखालचं शेवाळ सुकून करकरायला लागलं, की आई माझ्या भावाला हळूच सांगते, आठ-दहा दिवस हिच्या वाटेला जाऊ नकोस. पूर्वी मी नाही म्हणायचे. आता म्हणत नाही.

डहाणूहून वरोरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमची चिकूची वाडी आहे. तिच्या कडेला एक म्हातारा फणस उभा आहे. त्याच्या खोडावर, माझ्या कमरेइतक्या उंचीवर, एक फणसांबा आहे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. फणसांबा म्हणजे झाडाच्या अंगावर उगवणारी कडक अळंबी, बैलाच्या खुरासारखी, खोडाला आडवी चिकटलेली. वरून काळी, भेगाळलेली, हाताला लाकडासारखी. पावसाळ्यात मात्र तिच्या काठाला हळदी रंगाची मखमली किनार फुटते. यंदाही फुटली. २०१९चा पाऊस उतरता उतरता मी ती पाहिली आणि २०१६चा पावसाळा जसाच्या तसा अंगावर आला. त्या मोसमाचा वास, ती ओली लाकडं, चुलीचा धूर, आणि एका कागदाखालची माझी सही.

मी विज्ञान शिकवते. २०१४ साली तलासरी तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत लागले. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण तशा शाळा पुष्कळ आहेत आणि मला एकीवरच बोट ठेवायचं नाही. मुली तिथेच राहायच्या, तिथेच जेवायच्या. स्वयंपाकघरात लाडकीबाई होती. जवळच्याच पाड्यावरची, चाळिशी ओलांडलेली, रोजंदारीवर लागलेली. सव्वाशे मुलींच्या भाकऱ्या थापून झाल्या की ती दारात पाय पसरून बसायची आणि कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायची, नाही विचारलं तर गप्प. तिच्या बोलीत लहानथोर सगळ्यांना 'तू'च. मला तू, शिपायाला तू, मुख्याध्यापकांनाही तू. आम्हाला त्यात माया ऐकू यायची. मुख्याध्यापकांना उद्धटपणा ऐकू यायचा.

त्या वर्षी आषाढात मुलींची तोंडं आली. एकीचं, मग दुसरीचं, मग अख्ख्या खोलीचं. जिभेला चरे, गालांच्या आतून फोड. वरणभाताचा घास घेतला की डोळ्यांतून पाणी. कारण शोधायला माझी पदवी लागत नव्हती. पाच आठवडे भाजीचं पान ताटात पडलं नव्हतं. टेंपो पावसामुळे येत नाही असं सांगितलं जाई. त्याच पावसात माणसांनी भरलेल्या जीपा मात्र येत-जात होत्या. मी भाजीसाठी आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्यांसाठी दोनदा अर्ज लिहिला. दोन्ही अर्ज मुख्याध्यापकांच्या टेबलावर काचेखाली छान दिसत.

लाडकीबाईने अर्ज लिहिला नाही. तिने पाड्यावरच्या फणसावरून फणसांबा काढून आणला, सहाणेवर पाणी घालून उगाळला आणि गंधासारखा तो पिवळा लेप बोटाने एकेका मुलीच्या तोंडात फिरवला. आमच्या आजीच्या काळी किनाऱ्यावरही बाळांच्या हिरड्यांना हेच लावत. चार दिवसांत मुली जेवायला लागल्या. त्याचं श्रेय किती लेपाचं आणि किती तिने घरून गुपचूप आणलेल्या शेवग्याच्या पाल्याचं, हे मला सांगता येणार नाही. तिने दोन्ही केलं. बाकी कुणी एकही केलं नाही.

श्रावणाच्या सुरुवातीला मुंबईहून एक प्राध्यापक आले. लाकूड कुजवणाऱ्या अळंब्यांवर त्यांचं संशोधन चालू होतं. मुली त्यांना बुरशीवाले सर म्हणायच्या. माणूस वाईट नव्हता. चिखलात गुडघे टेकून बसायचा, जळवा लागल्या तरी ओरडायचा नाही. मी विज्ञानाची शिक्षिका म्हणून मला त्यांच्याबरोबर पाठवलं, आणि मला जंगलातलं ओ की ठो कळत नाही म्हणून मी लाडकीबाईला घेतलं.

त्या पाच दिवसांइतकं मी माझ्या सगळ्या कॉलेजात शिकले नाही. लाडकीबाई पुढे, आम्ही मागे. कुडाच्या फांद्या बाजूला सारत ती एका जिवंत फणसापाशी थांबली आणि म्हणाली, हा फणसांबा. मग बरीच वर चढून, तोडलेल्या खैराच्या बुंध्यापाशी नेऊन तसंच दिसणारं एक तपकिरी फळकूट दाखवलं. म्हणाली, हा त्याचा चुलत.

सरांनी दोन्ही हातात घेतले, भिंगातून पाहिले आणि समजुतीच्या सुरात सांगितलं की हे दोन्ही एकच आहेत, एक तरुण आणि एक म्हातारा, इतकंच. मीही मान हलवली. मला दोघांत काहीच फरक दिसत नव्हता.

लाडकीबाई हसली नाही. तिने सरांकडे पाहून विचारलं, "वय झाला म्हणून कोणी दुसऱ्या आयशीच्या पोटी जन्मतो काय?"

सरांना ते समजेना. मी उलगडून सांगितलं. फणसांबा जिवंत झाडावर राहतो, चुलत मेलेल्या बुंध्यावर. नुसतं म्हातारं होऊन कुणी घर बदलत नाही. सरांनी वही उघडली. मग लाडकीबाईने त्यांना तिथेच एका सपाट दगडावर बसवलं आणि दोघांची ओळख करून दिली, नवी सोयरीक जुळवताना करून देतात तशी. फणसांब्याची पाठ भेगाळलेली, चुलत्याची मऊ, मांजराच्या कानासारखी. फणसांब्याचं पोट दालचिनीच्या रंगाचं, त्यावरची भोकं इतकी बारीक की बोटाला लागत नाहीत. चुलत्याचं पोट राखाडी आणि भोकं डोळ्यांनाही दिसतात. फणसांबा खुरासारखा जाड, वर्षावर्षाला खाली एक थर चढवणारा. चुलत पातळ, काठ लाटांसारखा वरखाली. शेवटी तिने दोन्ही पाण्यात उगाळून दाखवले. एकाचा लेप हळद-गेरूच्या मधला. दुसऱ्याचा गढूळ, चिखलाचा. हा पोरांना लावायचा नाय, ती म्हणाली. लावला तर तोंड आणखी जळतं.

सर भराभर लिहून घेत होते. मी छत्री धरली होती, वहीवर.

परतताना मी तिला विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? तिने सांगितलं की थोरला दीर तान्हा असताना तिच्या सासूला या चुलत्याने फसवलं होतं एकदा. तेव्हापासून सासूने सुनांना दोन्ही उगाळून दाखवल्याशिवाय जंगलात जाऊ दिलं नाही. म्हणजे त्या वहीतल्या दोन पानांमागे एका तान्ह्या मुलाचं जळलेलं तोंड होतं. सरांनी ते लिहिलं नाही. मी सांगितलंही नाही. पाऊस वाढला होता आणि आम्हाला जीप गाठायची होती.

भाद्रपदात तिसरीतली सुनीता आजारी पडली. ताप, जुलाब, दोन दिवसांत डोळे खोल गेले. मी आणि लाडकीबाई तिला शाळेच्या जीपमधून कासाच्या दवाखान्यात घेऊन गेलो. लाडकीबाईने तिला सगळा रस्ता मांडीवर धरलं होतं. चारोटीच्या चढाला गाडी हळू झाली तेव्हा तिने एकदाच ड्रायव्हरला म्हटलं, पाय दाब. तिथल्या तरुण डॉक्टरने सुनीताला सलाईन लावलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं की मुलींना पाणी कुठलं देता. आठवड्यात तुमच्या शाळेतली ही चौथी. चौघींचं दुखणं एकच, दूषित पाण्याचं. टाकी कधी धुतली होती?

टाकी मे महिन्यापासून धुतली नव्हती. तिच्यात मेलेला सरडा निघाला, तोही चौकशी होणार असं कळल्यावर घाईने धुतली तेव्हा.

सुनीता वाचली. पाच दिवसांनी हसत परत आली. पण वरच्या कार्यालयातून चौकशीचे साहेब आले आणि चौकशी म्हटल्यावर कुणीतरी सापडायला हवं होतं. टाकी मुख्याध्यापकांच्या अखत्यारीत. भाजीही त्यांच्याच. फणसांबा मात्र लाडकीबाईचा.

मला ऑफिसात बोलावलं. टेबलामागे साहेब, शेजारी मुख्याध्यापक, खिडकीत कारकून लिहायला बसलेला. लाडकीबाई दाराजवळ उभी. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. साहेबांनी मला विचारलं, या बाईंनी मुलीच्या तोंडात बुरशी घातली हे खरं का?

मी म्हणाले, हो, पण त्याचा जुलाबाशी...

मुख्याध्यापक शांतपणे म्हणाले, "बाई, विचारलं तेवढंच सांगा."

माझी नोकरी कायम व्हायला चार महिने उरले होते. हे कारण नाही. हे फक्त खरं आहे. मी लाडकीबाईकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती, रागाने नाही, तर पुढचं वाक्य ऐकायला थांबलेलं माणूस पाहतं तशी. मी पुढचं वाक्य बोलले नाही. कारकुनाने 'हो' लिहिलं. मी सही केली. दुसऱ्या दिवसापासून तिने येऊ नये असं तिला शिपायाकरवी कळवण्यात आलं.

त्या महिन्यात भाकऱ्या जाड आणि कच्च्या व्हायला लागल्या. मुली काही बोलल्या नाहीत. त्यांना विचारलेलं तेवढंच सांगायची सवय आमच्या आधीच लागलेली होती.

माझा राग कुणावर, असं मला कुणी विचारलं तर मी आधी मुख्याध्यापकांचं नाव घेते. मग साहेबांचं. मग त्या टेंपोवाल्याचं. हा क्रम सोयीचा आहे. त्यात मी बरीच खाली येते.

२०१८च्या पावसाळ्यात टपालाने एक जाड पाकीट आलं. सरांचा शोधनिबंध छापून आला होता. इंग्रजीत, रंगीत चित्रांसह. फणसांबा आणि त्याच्याशी गल्लत होणारी दुसरी जात, दोघांची तुलना. पाठीची भेग, पोटाचा रंग, भोकांचं माप, जिवंत झाड की मेलेलं लाकूड. आणि शेवटी, जंगलातल्या जंगलात ओळखायची सोपी पद्धत म्हणून, उगाळलेल्या लेपाचा रंग. ही पद्धत लेखकाला क्षेत्रभेटीत आढळली, असं लिहिलं होतं. आढळली. रस्त्यात पडलेली सापडावी तशी. आभारात माझं नाव होतं, एक अक्षर चुकवून. लाडकीबाईच्या जागी 'एक स्थानिक रहिवासी' होती.

मी ते पाकीट घेऊन बसले आणि माझ्या लक्षात आलं की तिचं पूर्ण नाव मी एका कागदावर वाचलं आहे. नवऱ्याचं नाव, आडनाव, पाडा, अंदाजे वय, सगळं. तो कागद चौकशीचा होता. जिथे तिला दोषी ठरवायचं होतं तिथे तिचं नाव कुणी चुकवलं नाही. जिथे तिचं शहाणपण छापायचं होतं तिथे ती रहिवासी झाली. आणि दोन्ही कागदांवर मी होते. एकावर साक्षीदार, एकावर सहकारी.

मी सरांना लांबलचक पत्र लिहिलं. त्यांचं सभ्य उत्तर आलं की तिचं नाव नोंदवून घ्यायचं राहून गेलं, पुढच्या निबंधात पाहू. मीच जर फोन करून कळवलं असतं तर बरं झालं असतं, असंही त्यात होतं. ते वाचून मी वाडीत गेले आणि विळ्याने एक अख्खी रांग गवत कापलं. मजूर बघत राहिले.

२०१९च्या श्रावणात सरांच्या कॉलेजात त्यांचा सत्कार होता. मला 'स्थानिक समन्वयक' म्हणून बोलावलं. लाडकीबाईला बोलावणं नव्हतं. मी गेले. शाल दिली, नारळ दिला. दोन शब्द बोला म्हणाले. मी दोन शब्द बोलले नाही. मी सगळं बोलले. तिचं पूर्ण नाव घेतलं, दगडावरचे दोन लेप सांगितले, तिचा तो प्रश्नही सांगितला, आणि हे सगळं जिला ठाऊक होतं तिला त्याच भाद्रपदात त्याच फणसांब्यापायी कामावरून काढलं हे सांगितलं. मग टाळ्या वाजल्या. खूप वाजल्या. चहाच्या वेळी चारपाच जणी येऊन माझा हात दाबून गेल्या. सरांचे डोळे ओले होते. मला फार हलकं वाटलं आणि त्या हलकेपणाचा संशय मला तेव्हाच यायला हवा होता.

लाडकीबाई आता आमच्याच बाजूला चिकू काढायला येते. तलासरीहून सकाळी टेंपो भरून बाया येतात. वाडीवाल्यांना त्यांचे हात हवे असतात. गेले दोन मोसम ती आमच्या वाडीतही आहे. भावाला जुनं काही ठाऊक नव्हतं. तो म्हणतो, तिच्या जाळीतून एक चिकू खाली पडत नाही. मी तिच्यापासून दूर राहायचे. ती समोर आली की कशी आहेस विचारायचे, आणि ती बरी हाय म्हणायची. सत्काराहून आल्यावर मात्र मी स्वतः तिच्याकडे गेले. दुपारच्या सुट्टीत ती झाडाखाली भाकर खात होती. मी खुर्ची आणली होती, ती तशीच हातात धरून उभी राहिले, मग बाजूला ठेवून जमिनीवर बसले. तिला सगळं सांगितलं. किती माणसं होती, मी काय बोलले, टाळ्या कशा वाजल्या.

तिने घास संपवला. मग विचारलं, "तो हेडमास्तर होता तिथं?"

मी म्हणाले, नव्हता.

"तो साहेब?"

नव्हता.

"मग तू कोणाच्या पुढं बोललीस?"

तिने ते रागाने विचारलं नाही. रागाने विचारलं असतं तर मी रडून मोकळी झाले असते. तिने पाणी प्यायलं, पदराला हात पुसले आणि जाळी लावलेली काठी उचलून कामाला गेली.

मुख्याध्यापक निवृत्त होऊन मसोलीत राहायला आले आहेत. मी दुसऱ्याच दिवशी त्यांच्या घरी गेले. त्यांनी आपुलकीने बसवलं, सूनबाईंना चहा टाकायला सांगितलं, माझी नोकरी कशी चालली आहे विचारलं. मी त्यांना टाकीची आठवण करून दिली, सरड्याची, कासाच्या डॉक्टरची, काचेखालच्या अर्जांची. ते ऐकत होते. मग हसून म्हणाले की त्या काळात फार दबाव असायचे, तुम्ही नवीन होतात, तुम्हाला कळायचं नाही. थोडं थांबून, खरोखरच आठवून, म्हणाले, "तिच्या हातची भाकरी मात्र चांगली होती."

माझ्या हातात कप होता. मी तो खाली ठेवला. इतकी वर्षं मी समजत होते की या माणसाला आतून काहीतरी टोचत असेल. काही टोचत नव्हतं. भाकरीची चव तेवढी राहिली होती. मी त्यांना म्हणाले की जबाबात माझी काही वाक्यं राहिली होती, ती मी लिहून देणार आहे, आणि ती राहिली कशी हेही लिहिणार आहे. ते म्हणाले, आता त्याचा काय उपयोग? मी म्हणाले, उपयोगासाठी नाही. चहा तसाच ठेवून मी बाहेर पडले. रस्त्यावर आल्यावर माझे पाय थरथरत होते. तीन वर्षांपूर्वी शाळेच्या ऑफिसात थरथरले नव्हते, ही माझी खरी तक्रार आहे, माझ्याविरुद्ध.

घरी येऊन कागद घेतला. मला वाटलं होतं, पानंच्या पानं होतील. इतकी वर्षं मनात घोळवलेलं. लिहायला बसले तर झालं असं की विशेषणं गळून गेली. लाडकीबाईने लावलेल्या लेपाचा आणि आजाराचा संबंध नाही. कासाच्या डॉक्टरांनी पाणी दूषित असल्याचं मला सांगितलं होतं. पाण्याची टाकी मे महिन्यापासून धुतलेली नव्हती. हे सांगत असताना मला मुख्याध्यापकांनी थांबवलं आणि मी थांबले. खाली सही. वरच्या कार्यालयात नेऊन दिलं. तिथल्या कारकुनाने दोनदा वाचलं आणि विचारलं, विषयाच्या जागी काय लिहू? मी म्हणाले, २०१६च्या जबाबातली माझी राहिलेली वाक्यं. त्याने माझ्याकडे पाहिलं, पण तसं लिहिलं. आवक शिक्का मारला. त्या कागदाचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. तिला परत कामावर घेतलेलं नाही. घेतील असं वाटत नाही.

शिक्क्याची प्रत घेऊन मी वाडीत गेले. आभाळ भरून आलं होतं आणि बाया टोपल्या झाकायच्या घाईत होत्या. लाडकीबाई थांबली. मी म्हणाले, तुला वाचून दाखवायचं आहे. तिने टोपली खाली ठेवली. मी वाचलं. टाकीची ओळ तिने पुन्हा वाचायला लावली. मी पुन्हा वाचली. मग तिने कागद हातात घेतला. तिला वाचता येत नाही, तरी ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली, ओळींवरून नख फिरवत, अळंबीवर दाबून बघावं तसं.

तिने विचारलं, "किती ओळी हाय?"

"चार," मी म्हणाले.

"चारच?"